पहिला भाव कधी घेऊ नये

१९ एप्रिल, शनिवार
निवड झाली! समुद्राकाठची युनिव्हर्सिटी, थेट तिसऱ्या वर्षाला. दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज मी पाच वर्षं केलं, म्हणून लोक हसत होते. पाया पक्का व्हायला वेळ लागतो. सिरॅमिक्स, इटालियन, वेल्डिंग, गोल्फ (दोनदा). आता इमारत.

मदतीचं पत्रही सोबत. फी माफ. राहणं-खाणं निम्मं त्यांचं, निम्मं आमचं. आमचं म्हणजे आईचं. ती मनुक्यांच्या पॅकिंग शेडमध्ये आहे आणि यंदा तिचे तास कमी केलेत.

१ जूनपर्यंत वेबसाइटवर 'येतो' हे बटण दाबायचं. एक बोट लागतं. उद्या दाबणार. आज पोटात जळजळ आहे. भीती वगैरे नाही, काल चेमामामाकडे लाल सॉस जास्त झाला. ॲसिडिटी.

२७ एप्रिल, रविवार
बटण: नाही. पण कारण उत्तम.

रविवारच्या जुन्या बाजारात चेमामामाला मदत करायला गेलो. मामा वापरलेले टायर विकतो. एकाने चार टायरचा भाव विचारला, तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवून चालायला लागला. तो तिसऱ्या ठेल्यापर्यंत जाईस्तोवर मामाने दम धरला, मग हाक मारून भाव उतरवला. नंतर मला म्हणाला, बघितलंस एलिसेओ? पहिला भाव घेतो तो बावळट. पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. ज्याला गरज असते तो हाक मारतो.

डोक्यात प्रकाश पडला. निम्मं राहणं-खाणं हा त्यांचा पहिला भाव! मी लगेच 'येतो' म्हटलं की संपलं. निर्णय: बटण दाबायचं नाही. हाक येईल.

पोट एकदम शांत झालं.

४ मे, रविवार
कोणाला सांगू नकोस म्हणून आईला बजावलं होतं. तिने शेडमध्ये सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, लाँड्रीत सांगितलं. उरलेल्या निम्म्याची तिला काळजीच नाही. म्हणाली, लग्न असो, बारसं असो, आपल्यात कोणी एकट्याने केलंय का? पाद्रिनो धरू, एकेका खर्चाचा एकेक धर्मपिता. केकचा एक, बँडचा एक धरतो, तसा गादीचा एक, पुस्तकांचा एक. मी म्हटलं, आई, हे लग्न नाही. म्हणाली, लग्नाहून मोठं आहे. लग्न काय, तुझ्या बापानेही केलं होतं.

संध्याकाळपर्यंत गादीचा पाद्रिनो चेमामामा. ब्लँकेट ओदिलियामावशीकडे. पुस्तकं चर्चमधल्या गिटारवाल्याकडे. जेवणाचा खर्च शेडमधल्या सहा बायका मिळून. माझ्या हातात एक जाड पाकीट आलं. ते ठेवायला ड्रॉवर तीनदा उघडला आणि मिटला. ड्रॉवर जुना आहे, अडकतो.

१२ मे, सोमवार
कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये माझी अर्धवेळ नोकरी आहे. बाकीच्या विद्यार्थ्यांना तारखांची आठवण द्यायची. आज रांगेतल्या सगळ्यांना दरडावलं: १ जून म्हणजे १ जून, मागाहून रडत येऊ नका. एक मुलगी तिथेच रडली. चौकशी केली तर ती पहिल्या वर्षाची निघाली, तिची तारीख पुढच्या वर्षी आहे. असो. काम चोख.

काउन्सेलर मिसेस थाओंनी विचारलं, तुझं बटण दाबलंस का? मी म्हटलं, बोलणी चालू आहेत. म्हणाल्या, कोणाशी? मी सूचक हसलो. त्या म्हणाल्या, पैसे कमी पडत असतील तर आईचे तास कमी झाल्याचं शेडचं पत्र आण, आपण अपील करू. पण आधी 'येतो' म्हण. म्हटल्याशिवाय तिथे तुला कोणी ओळखत नाही.

चांगल्या बाई आहेत. बाजार माहीत नाही.

२५ मे, रविवार
युनिव्हर्सिटीची मेल! 'आम्ही तुझी वाट पाहत आहोत, एलिसेओ.' उतरले! भाव मात्र लिहिलेला नाही. अजून थोडं चालायला हवं.

यारेलीने (बहीण, सोळा वर्षांची, जिभेला हाड नाही) मेल वाचली. म्हणाली, दादा, ही सगळ्यांना जाते, नाव मशीन टाकतं. आणि मग, भित्री भागूबाई. मी म्हटलं, तुला व्यवहार कळत नाही. म्हणाली, मला भागूबाई कळते.

१ जून, रविवार
सकाळी ९. आज ते फोन करणार. सौदे शेवटच्या दिवशीच होतात.

दुपारी ३. फोन वाजला. धावलो. मामाचा होता, टायर उतरवायला ये म्हणून.

संध्याकाळी ७. लॅपटॉप उघडला. बटण हिरवं. बोट ठेवलं. मग ती खोली डोळ्यासमोर आली. पलीकडच्या खाटेवर अनोळखी मुलगा, त्याचे आईवडील दोघंही डॉक्टर, आणि तो विचारतोय की तुझी आई काय करते. मग पहिली परीक्षा, मी नापास, सहा बायकांचं जेवण फुकट गेलेलं. लॅपटॉप मिटला. चार्जिंग कमी होतं.

शांतपणे विचार केला. तारीख ही ज्यांचं नक्की नाही त्यांच्यासाठी असते. माझं नक्की आहे. मग कळवायचं काय?

२ जून
बटण राखाडी झालंय. डिझाइन बदलत असतात.

१४ जून, शनिवार
पार्टी. अंगणात बॅनर, माझा फोटो, मागे समुद्र. मी समुद्र दोनदाच पाहिलाय. ओदिलियामावशीने ब्लँकेट दिलं, त्यावर अख्खा वाघ, माझ्याकडेच बघणारा. चेमामामाने भाषण केलं: माझा भाचा टायर विकणार नाही. आणि रडला. मामाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आज सांगायचंच ठरवलं होतं. उभा राहिलो, सगळे माझ्याकडे वळले, तोंड उघडलं. त्यांना वाटलं मी केकचा पहिला घास घेतोय. घास, घास, असा ओरडा झाला आणि मामाने आमच्या रिवाजाप्रमाणे मागून डोकं धरून तोंड केकात दाबलं. वर आलो तेव्हा चेहरा क्रीमने भरलेला होता, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही.

८ जुलै, मंगळवार
सेंटरमध्ये मागच्या दाराने जातो. मिसेस थाओंनी मागच्या दारात गाठलं. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, आजच्या आज फोन कर, उशीर झाला म्हण, कधीकधी घेतात.

फोन केला! बराच वेळ गाणं वाजलं. मग एका माणसाने प्रेमाने विचारलं, बोला, काय मदत करू? मी ठेवून दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. हाक त्यांनी मारायची.

११ ऑगस्ट, सोमवार
कम्युनिटी कॉलेज सुरू झालं. नाव घातलं नाही. घातलं तर आईला कळेल. नाव नाही म्हणून सेंटरची नोकरीही गेली. म्हणजे सध्या मी कुठेच नाही. याला विश्रांती म्हणतात. ॲसिडिटीच्या गोळ्या संपल्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मामाच्या पिकअपवर गादी बांधली. आईने सान हुदास या संतासमोर मेणबत्ती लावली. तो ज्यांचं काहीच होणार नाही अशांना पावतो. तिला माहीत आहे की काय?

योजना: उद्या वाटेत सांगायचं. पहिल्याच पेट्रोल पंपावर.

२० सप्टेंबर, शनिवार
पहिल्या पंपावर आई गात होती. दुसऱ्यावर मावशी झोपली होती, तिला एकटीला मागाहून कळणं बरं नाही. तिसऱ्यावर समुद्राचा वास आला.

हॉस्टेलसमोर टेबल, टेबलाशी एक मुलगी, तिच्यापुढे यादी. माझ्यामागे आई, यारेली, डोक्यावर गादी घेतलेला मामा, वाघ घेतलेली मावशी, मक्याच्या वाफवलेल्या तमाल्यांचं पातेलं दोन बाजूंनी धरलेल्या शेडमधल्या दोघी. मुलीने आडनाव विचारलं. झामुदिओ. तिने यादी पाहिली. गोड आवाजात म्हणाली, आणखी एक यादी असते. तीही पाहिली. आई माझ्या खांद्यावरून म्हणाली, बाळ, शेवटी बघ, आमचं नाव नेहमी शेवटी असतं. मुलीने शेवटचं पान उलटून आईसमोर धरलं.

गादीखालून मामा ओरडला, कुठे पेंड खातंय घोडं?

मी सांगितलं. बटण, पहिला भाव, पाठ फिरवून चालणं, मिसेस थाओंनी मागितलेलं पत्र, सगळं. मामाने गादी खाली ठेवली. म्हणाला, अरे, पण ते टायरचं होतं. एवढंच.

यारेली भागूबाई म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तमाले गार होत होते म्हणून पार्किंगमध्ये खाल्ले. आईने टेबलामागच्या मुलीलाही नेऊन दिले. मग गादी पुन्हा बांधली.

२२ सप्टेंबर, सोमवार
पाकीट परत द्यायला फिरलो. कोणी घेतलं नाही. गिटारवाला म्हणाला, पाद्रिनो एकदा झाला की झाला, पुस्तकं काय पुढच्या वर्षीही असतील. शेडच्या बायका म्हणाल्या, लग्न पुढे ढकललं म्हणून कोणी नवरी परत पाठवतं का? मामाला तर राग यायला हवा होता. तो म्हणाला, गादी तोवर वापर, पण वरचं प्लॅस्टिक काढू नकोस. रागावले असते तर सुटलो असतो. आता ते सगळे पुन्हा येणार आहेत.

आईने टेबलावर एक कागद ठेवला. तास कमी झाल्याचं शेडचं पत्र. म्हणाली, त्या काउन्सेलरबाईंना दे. मला तेव्हाच का नाही सांगितलंस, असं विचारलं नाही.

ती ॲसिडिटी नव्हती. मला भीती वाटते. एप्रिलपासून वाटते आहे, बहुतेक पाच वर्षांपासून.

दुपारी सेंटरमध्ये गेलो, पुढच्या दाराने. रांगेत उभा राहिलो. माझ्या जुन्या जागेवर मे महिन्यात रडलेली ती मुलगी आहे. आवाज चांगला कमावलाय तिने. रांगेवर ओरडली, पुढच्या वर्षाचे अर्ज ३० नोव्हेंबर म्हणजे ३० नोव्हेंबर, मागाहून रडत येऊ नका. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि टिशूचा डबा पुढे सरकवला.

मी दोन घेतले.