नळी नसलेलं मटण

बाबा, सिंगापूरहून तुमच्या नातीचा फोन आला होता. तिथल्या हॉटेलात तिनं चिकन खाल्लं, पण कोंबडी मारलीच नव्हती म्हणे. जिवंत कोंबडीच्या अंगातले बारीकसे कण घेतात आणि कारखान्यातल्या टाकीत त्याचं मांस वाढवतात. मी विचारलं, "तिले दुखलं नसंल का वं?" तर हसते. "आई, तू रक्त तपासाले देतेस ना, तेवढंच. बकऱ्याचंही करून राहिले आता. दिवाळीत इकडे ये, तुले खाऊ घालते. तुझी माळही बाटत नाही."

फोन ठेवला आणि मागच्या अंगणातली तुमची चूल आठवली. आई माळकरी, म्हणून मटण तिच्या स्वयंपाकघरात नाही. तुम्ही बाहेर, वेगळ्या गंजात, स्वतः रांधायचे आणि मी शेजारी नळीची वाट पाहत बसायची. मग एका वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी वाढवलेलाच बोकड कापला. मी ताटावरून उठले. तुम्ही मागे आले, "काहून रडून राहिली वं?" कारण ऐकलं आणि भरल्या ताटात हात धुतले. पुन्हा कधी खाल्लं नाही. मीही आईच्या हातून माळ घालून घेतली.

पण चूल विझली नाही. त्याच गंजात, भिवापुरी मिरचीच्या त्याच रश्श्यात तुम्ही पाटोडी सोडायचे. बेसनाची वडी ताटावर आपटून म्हणायचे, "नळी निघूनच नाही राहिली वं हिच्यातून!" आई चिडायची, "जीभ काही सुटली नाही तुमची!" तुम्ही म्हणायचे, "बोकड सोडला मी. चव सोडतो असं कोणाले म्हटलं?"

तेच डोक्यात घोळतंय. पाप मारण्यात आहे की आवडण्यात? कोणी मेलंच नाही, तर माळेनं कशासाठी अडवावं? आणि आवडणंच पाप असेल, तर तुम्ही एवढी वर्षं पाटोडीत काय शोधत होते? माझ्यासाठी सोडलेलं तुमच्या ताटात परत वाढता आलं असतं, तर मी स्वतः वाढलं असतं, बाबा.

दिवाळीला येते म्हटलं तिला. खाण्याचं हो-नाही केलं नाही. एवढंच विचारलं, "नळी असते का त्यात?"

"नाही वं आई, हाडच नसते."

"मग तुझ्या आजोबाले नसतं आवडलं," म्हणून मी विषय मिटवला.

हे गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलंय, नवा कागद कशाला घालवा. देव्हाऱ्यात तुमच्या फोटोपाशी ठेवणार होते, पण मसाल्याच्या डब्याखाली सरकवते. नाव तुमचं पुढे केलं, बाबा. तोंडाला पाणी मलाच सुटलं होतं.