टोक नसलेलं विष

बुधवार, संध्याकाळ. दवाखान्याचा जिना.

सुमन, माझी धाकटी जाऊ, आज उठून बसली. उलट्या थांबल्या. म्हणते, "वयनी, मी बरी हाय, घरी चला." डॉक्टरीणबाई म्हणते, हाच दिवस फसवा, विष आता लिव्हरला धरतं, हलवू नका. मी गुपचूप तिच्या चपला माझ्या पिशवीत घातल्या.

अळंबी मीच आणली, अंजूर गावच्या बांधावरून. दोनदा उकळली, पाणी फेकलं. आई असंच करायची. मग विष राहिलं कसं? डॉक्टरीणबाईला सरळ विचारलं. ती म्हणाली, अळंबीतच एक एन्झाइम का काय ते असतं. ते प्रथिनाच्या लांब साखळीतून तुकडा तोडतं आणि त्याचीच दोन टोकं एकमेकांना जोडतं. विषाचं कडं तयार. टोकच नाही, तर पोट ते उसवणार कुठून? उकळूनही सुटत नाही.

हे मला लगेच कळलं. वीस वर्षं लूमवर तुटलेला धागा जोडतेय मी. पण माझी गाठ नखानं तरी सुटते.

मघाशी सुमन हसून म्हणाली, "तुमी बरा सोमवार धरला. मला अळंबी वाढली नि स्वतः साबुदाणा खाल्ला." मस्करीच असेल. मला हसता आलं नाही.

हे बरं वाटणं खरं नाही, हे तिला कोणीच सांगितलेलं नाही. दीर बाहेर नुसता रडतोय. म्हणजे मीच सांगायचं. वाढलंही मीच.

जाते वर. चपला मागेल. देणार नाही.