मागची सीट

१४ ऑक्टोबर

आलो बाई एकदाचे! मिनियापोलिसहून बसने आलो. माझी लेक ब्रिटा वाटेत दोनदा ओकली, तरी उतरल्या उतरल्या भूक लागली म्हणाली. गाव एवढंसं आहे. एक सरळ रस्ता, धान्याची कोठारं, दोन चर्च आणि मी उद्यापासून जिथे नर्स म्हणून जाणार तो दवाखाना. घराचा वरचा मजला आम्हाला मिळालाय. खाली मालकीणबाई एकट्याच राहतात, मिसेस इर्मा हाउगी. सत्तरीच्या आसपास असतील. बोलायला फार मऊ. लांब बाह्यांचा स्वेटर घालून दारातच उभ्या होत्या. आल्या आल्या बटाटे आणि खिम्याचं, ओव्हनमध्ये भाजलेलं गरमागरम कॅसरोल पुढे केलं. ब्रिटाकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, किती दिवसांनी या घरात लेकरू आलं.

आणि आनंदाची बातमी म्हणजे गाडी! गॅरेजमध्ये त्यांच्या नवऱ्याची जुनी गाडी पडून आहे. घरभाड्यातच ती वापरा म्हणाल्या. गडद लाल, लांबच लांब, चार दारांची, आत मखमली सीटा. ब्रिटा मागे बसली आणि मधला हात टेकायचा दांडा वर-खाली करत राहिली. मिसेस हाउगी गॅरेजच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. किल्ली त्यांनी लांबूनच फेकली.

१७ ऑक्टोबर

गाडी सुरू झाली! गावातला मेकॅनिक लाइल पोकॉर्नी स्वतः येऊन ओढून घेऊन गेला होता. तिशीचा असेल, तोंडाची टकळी अखंड चालू. मला म्हणाला, "मॅडम, ही गाडी नाही, उंदरांची धर्मशाळा आहे." एअर फिल्टरमध्ये खरंच उंदरांचं घरटं निघालं. बॅटरी, इंजिनचे पट्टे, ब्रेकचे पाइप, चारही टायर नवे घातले. खराब झालेलं पेट्रोल काढलं. इंजिन मात्र ठणठणीत आहे म्हणाला.

एकच खोड राहिलीय. ड्रायव्हरची सीट आपोआप मागे सरकते. मी आहे बुटकी. पुढे ओढून बसते, आणि सकाळी बघावं तर पार मागे, जणू एखादा धिप्पाड माणूस बसून गेलाय. लाइलने खालचा खटका बदलून दिला.

२२ ऑक्टोबर

खटका नवा, खोड तीच. आता आरसाही. पुढच्या काचेवरचा आरसा मी मागचा रस्ता दिसेल असा लावते. गाडीत बसले की तो खाली वळलेला असतो. रस्ता दिसतच नाही, दिसते फक्त मागची सीट. ब्रिटाचा चेहरा. लाइल म्हणाला स्क्रू झिजलाय. नवा बसवला, वर गोंदही लावला.

ब्रिटा गाडीत बसली की गप्प असते. एरवी तोंड थांबत नाही पोरीचं.

२९ ऑक्टोबर

आज शाळेतून दवाखान्यात फोन आला. बाईंनी ब्रिटाला एका बाजूला घेतलं होतं. गुडघ्याच्या वर काळानिळा वळ. मी शाळेत गेल्यावर मलाही बाजूला घेऊन फार जपून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी लाजेने मेले. मी जन्मात पोरीला बोट लावलेलं नाही.

संध्याकाळी तिला आंघोळ घालताना नीट बघितलं. चार बोटं आणि एक अंगठा. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. माझा हात त्यात मावून वर जागा उरली.

ब्रिटाला विचारलं. ती माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत म्हणाली, "मम्मा, तूच ना? मी गाणं म्हणत होते म्हणून. तू पुढून हात मागे घातलास आणि दाबलंस."

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला नक्की आठवतंय.

१ नोव्हेंबर

लाइलची तीन बोटं गेली.

मागच्या दाराची काच खाली होत नव्हती. ब्रिटाला तिथे कोंडल्यासारखं होतं म्हणून मीच दुरुस्त करायला सांगितलं होतं. त्याने बॅटरीची वायर काढून ठेवली होती, दाराचं आतलं पॅनल उघडलं होतं. काच अर्ध्यावर, आणि त्याचा हात वरून आत. काच वर आली. तो म्हणतो हळू नाही आली, कोणीतरी जोर लावून ढकलावी तशी आली. मग खाली गेली आणि पुन्हा वर. पुन्हा. पुन्हा. हाड कुटल्याचा आवाज येत होता म्हणाला. दवाखान्यात आणला तेव्हा हाताच्या जागी नुसता लगदा. मी जखम धुतली तर बोटं चिंधीसारखी लोंबत होती.

औषधाच्या गुंगीत तो बोलत राहिला. ऑर्व्हिल हाउगी, मालकीणबाईंचा नवरा. चर्चच्या दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवणारा सज्जन माणूस. त्याची मुलगी कॅरिन लाइलच्या वर्गात होती, भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून यायची. गाडीत मागे बसायची ती. पुढे वळूनही न बघता बाप मारायचा. शेवटी याच गाडीखाली मेला, जॅक सटकून.

२ नोव्हेंबर

मिसेस हाउगींना विचारलं. स्वयंपाकघरात बसल्या होत्या. आधी म्हणाल्या, लाइल लहानपणापासून थापाड्या. मी ब्रिटाच्या पायाचं सांगितलं. तेव्हा त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"जॅक सटकला नाही गं," म्हणाल्या. "मी सोडला."

त्या दिवशी गाडीत कॅरिन हसली होती. कशावर तरी, पोरी हसतात तशी. त्याने जबडा मोडला तिचा. मग घरी येऊन शांतपणे तेल बदलायला गाडीखाली शिरला. इर्माने जॅकची कळ फिरवली. "मेला नाही लगेच. छाती दबलेली. माझं नाव घेत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले, आणि आवाज बंद झाल्यावर शेजाऱ्यांना हाक मारली."

मग त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. मनगटापासून खांद्यापर्यंत. पिवळे डाग, हिरवे डाग, जुनं, मोडून वाकडं जुळलेलं हाड. बारा वर्षं. कॅरिन कॅलिफोर्नियाला पळाली, तेव्हापासून तो घरात येतो म्हणाल्या. एकदा गाडी भंगारात द्यायला माणूस बोलावला, तर त्या रात्री त्याने त्यांचा खांदा निखळवला.

मी विचारलं, पण हे डाग तर उतरत आलेत. ताजा एकही नाही.

त्या माझ्याकडे बघेनात. "मागच्या सीटवर मूल असलं," म्हणाल्या, "की तो घरात येत नाही."

माझ्या हातून काय होईल सांगता येईना, म्हणून मी उठून गेले.

३ नोव्हेंबर

सकाळी सामान बांधलं. बस उद्या आहे. ब्रिटाला चालत शाळेत सोडलं. दवाखान्यात राजीनामा दिला. दुपारी शाळेत गेले तर ब्रिटा नाही. घरमालकीणबाई येऊन घेऊन गेल्या म्हणे, गोड आजी आहेत हो.

धावत आले. गॅरेज बंद. आतून ब्रिटाचा आवाज, मग आवाज नाही.

डाव्या हाताने लिहितेय. थांबत थांबत.

गॅरेजचं दार उघडून आत शिरले. गाडीची सगळी दारं लॉक. ब्रिटा मागे. सीटचा पट्टा गळ्यावर आवळलेला, तोंड निळं. भिंतीवरचा टायरचा पाना घेतला, काच फोडली. आत उजवा हात घातला तर तो धरला गेला. कोणी धरला दिसलं नाही. पकड दिसली, माझ्या कातडीत बोटं रुतताना दिसली. मनगट पिळलं, हाड मोडलं ते ऐकलं. मी चावले. हवेतच चावले. दातांत काहीतरी आलं, केस होते, रक्ताची चव होती. दुसऱ्या हाताने काचेच्या तुकड्याने पट्टा कापला.

ब्रिटा जिवंत आहे. गळपट्टीचं हाड मोडलंय. श्वास घेते.

इर्मा दारात उभी होती, रडत होती. म्हणाली, "मला माफ कर. आज रात्री शांत झोप लागली असती."

मी पाना उचलला होता. खाली कसा ठेवला माहीत नाही.

४ नोव्हेंबर

लाइलकडे झोपलो. शेरीफ पोलिसांना घेऊन येऊन गेला. पट्टा अडकला असेल म्हणाला. माझ्याकडेच संशयाने बघत होता.

बस संध्याकाळची आहे. लाइल म्हणतो गाडी आजच भंगारात चेपायची, दिवसाउजेडी. एका हाताने चालवतोय ओढायचा ट्रक. ब्रिटाला कुणाकडे सोडायची हिंमत नाही, म्हणून ती शेजारी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. झोपलीय. आम्ही दोघी घरासमोर ट्रकमध्येच. तो साखळी घेऊन गॅरेजमध्ये गेलाय. मी सगळं लिहून ठेवतेय, शेरीफला दाखवायला.

इर्मा अंगणात नाही. घरात दिसत नाही.

लाइलचा आवाज. इर्माला हाक मारतोय. बाहेर ये म्हणतोय, मागून उतर म्हणतोय—

ती गाडीत बसलीय. स्वतःहून. मागे.

थडाड. परत. मांसावर मारल्यासारखं. ती ओरडत नाही. लाइल ओरडतोय. काच फुटली.

इंजिन सुरू झालं. बॅटरी तर लाइलने कालच काढली होती—

गॅरेजचं दार फोडून आली. लाइल बॉनेटवर होता, आता खाली. मागचं चाक त्याच्यावरून— तो हलत नाही. देवा. तो हलत नाही.

मागच्या काचेला इर्माचं डोकं टेकलंय. तोंड ओळखू येत नाही. पुढची सीट रिकामी.

आमच्या समोर आली. आडवी उभी राहिली. मागचं दार उघडलं. इर्मा बाहेर पडली, पोत्यासारखी. सीट मोकळी झाली.

ट्रकची किल्ली लाइलच्या खिशात आहे.

ब्रिटा जागी झाली. मी तिचं तोंड दाबलंय. बोलू नकोस, सोन्या, अजिबात आवाज करू— कोणीतरी ट्रकचं दार हलवतंय, माझ्या बाजूचं नाही, तिच्या— मी धरलंय तिला, एका हाताने धरलंय, पेन टाकून दोन्ही—