कोपराला विचार

औंढे, ता. मावळ
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. तेजल हिस,

आईचा जय भीम आणि आशीर्वाद. एक तुला, एक पोटातल्या पाहुण्याला. आकाशरावांनाही जय भीम सांग. मी बरी आहे.

पत्र बघून दचकली असशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. हा जाड कागद आमच्या रिसॉर्टातला. तिथे आलेल्या माणसांचे मोबाईल पहिल्याच दिवशी कपाटात कुलूपबंद करतात आणि हातात हा कागद देतात. स्वतःला पत्र लिहा म्हणतात. बाया तास तास पेन चावत बसतात. स्वतःला काय लिहिणार, डोंबल! एक कागद उरला, तो मी पिशवीत टाकला. कागद खडबडीत आहे, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय. चालवून घे.

इकडे थंडी लय आहे. बांधावरची निरगुडी यंदा चांगली फुटलीये. तोच पाला लोणावळ्यात आमच्याकडे काचेच्या बरणीत ठेवलाय, खाली इंग्रजीत पाटी. ज्या काढ्यासाठी तुझी आजी माझं नाक दाबून धरायची, तो मातीच्या पेल्यात देतात आणि मुंबईच्या बाया डोळे मिटून घोट घोट पितात. मला मेलं हसू आवरत नाही.

नावं ठेवत नाही हां. थकून येतात बिचाऱ्या. अंगाला नुसता तेलाचा हात लागला की निम्म्याजणी रडायला लागतात. आधी मी घाबरायचे. मग कळलं, घरी यांच्या डोक्यावर तेल घालणारं कुणी नसतं. रडून मोकळ्या होतात आणि जाताना माझे हात धरून ‘मावशी, जादू आहे तुमच्या हातात’ म्हणतात. तीस वर्षं हे काम केलं, आधी गावात, मग तिथे. जादूबिदू काही नाही. सगळं आईचं, म्हणजे तुझ्या भामाआजीचं.

तू पाच वर्षांची होतीस ती गेली तेव्हा. तुला तिचा आवाज आठवतो का गं? मला हल्ली सारखा ऐकू येतो. औंढ्यात अशी चूल नव्हती, जिथे तिनं बाळंतिणीसाठी तेल कढवलं नाही. ज्या घरांत तिला पाणी वरून ओतायचे, त्या घरांतलीही लेकरं आधी तिच्या पायांवर निजली. मला राग यायचा. मी म्हणायचे, कशाला जातेस? तर म्हणायची, ‘लेकराला काय ठावं गं, पाय कुनाचं?’

मी नऊ-दहा वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा माझ्याकडे तेलाची वाटी दिली. मी ऐटीत बोट बुडवून म्हटलं, कोमट आहे. तिनं माझी बाही वर सारली आणि कोपराच्या आत, मऊ कातडीवर एक थेंब सोडला. असा चटका बसला की मी वाटी सांडली. ‘हात मेला कामानं निबर झालेला असतोय. त्याला काय इचारतीस? कोपराला इचार.’ पुढे जन्मभर मी कोपराला विचारून तेल लावलं. तू झालीस तेव्हा माझ्या शेजारी बसून तिनंही तसंच विचारलं होतं. धुरीचा वास, खाली शेगडी, तू तिच्या नडग्यांवर पालथी आणि तिचं ते ‘हूं हूं’. तेवढं सुख मला परत कधी मिळालं नाही.

हे सगळं मी का लिहितेय ते तू ओळखलं असशील. दिवाळीत तू म्हणालीस, आई, बाळंतपणाला औंढ्याला येते. मी म्हटलं, सीझन आहे, रजा मिळणार नाही, सासरीच कर. तू म्हणालीस, ‘लोकांच्या बायकांची अंगं चोळायला वेळ आहे, माझ्यासाठी नाही.’ आणि फोन ठेवलास. तेव्हापासून आपण धड बोललो नाही. तुझ्या जागी मी असते तर आणखी चार शब्द बोलले असते.

तेजल, मी खोटं बोलले. रजा कधीही मिळेल मला. गणपती झाल्यापासून मी कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही. मी तिथे आता फक्त काढा देते.

माझ्या हातांची बोटं बधिर झालीत. वडगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात नस दबलीये. ऑपरेशन करता येईल, पण सगळं परत येईलच असं नाही. मी कुणाला बोलले नाही. वाटलं, रेटू. तेल तापवायचं यंत्र आहे, त्यावर आकडा येतो, आपल्याला काय करायचंय! कोपराला तेल लावून बघणं तिथे चालत नाही, अस्वच्छ म्हणतात. मीही सोडून दिलं होतं. आईची शिकवण एका आकड्यासाठी सोडली बघ.

गणपती झाले आणि एक दिवस ते यंत्र बिघडलं, पण ते मला मागाहून कळलं. आकडा नेहमीचाच होता. पुण्याच्या एक बाई होत्या, त्यांचं तीन दिवसांचं मौन चालू होतं. मी पाठीवर तेलाची धार धरली आणि चोळायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, रडतेय नेहमीसारखी, मन मोकळं होतंय. मी म्हटलं, ‘रडा ताई, रडून घ्या.’ आणि आणखी तेल घातलं! चादर ओढताना बघते तर पाठ लालभडक, दोन फोड. त्या माऊलीनं मौन मोडलं नाही आणि मला कळलं नाही. माझे हात त्याच तेलात होते, तेजल.

बाई बऱ्या झाल्या. जाताना मला जवळ घेतलं. पण माझ्या मनातून ते जात नाही. मौनातली शहाणी बाई मला कळली नाही, तर बारा दिवसांचं लेकरू कसं कळेल? लेकरं न्हाताना रडतातच. त्यातलं भाजल्याचं रडणं कुठलं, हे मला कोण सांगणार? म्हणून तुला नको म्हटलं. तुझा राग परवडला, पण ते नको.

चार महिने हेच घेऊन बसलेय. काल सकाळी बंबापाशी कढत पाण्याचा तांब्या कलंडला, पायावर सांडलं आणि मी टुणकन उडाले. मग तिथेच बसून हसले आणि रडलेही. पायांना सगळं कळतंय गं माझ्या!

तर तू ये. आठवा संपायच्या आत ये, घाटरस्त्यानं आणू नका म्हणावं आकाशरावांना. पाय माझे, हात तुझे. तेलाची वाटी मी धरीन, कोपर तुझं. कसं चोळायचं ते तोंडानं सांगेन, आजीच्याच शब्दांत. आणि फोन करशील तेव्हा मी परत रजेचं काही बोलले तर ऐकू नकोस.

कागद चांगला आहे गं. अक्षर माझंच असं झालंय.

तुझी,
आई