तडकलेलं हेड

॥ श्री ॥

खालापूर, ता. १० ऑक्टोबर १९३४

चि. पोपट यास इंदूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही सर्व खुशाल. तूही मुंबईत खुशाल असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. कर्जतजवळ भिसेगावला आईलाही तुझं पत्र नाही.

खुशाल नाही ती एकटी लॉरी. खोपोलीच्या वर घाटात वाफा सोडून बंद पडली, ती बैल जुंपून घरी आणावी लागली. आपली जोडी विकूनच लॉरी घेतलेली, म्हणजे बैलही दुसऱ्याचे! साऱ्या गावाने पाहिलं. आता अंगणात उभी आहे आणि कोंबड्या सीटवर अंडी घालतात. हे म्हणतात, इंजिनावरचं हेड तडकलं, मुळात त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंडच कच्चं होतं. तेलात पाणी उतरून त्याचा दुधाळ चहा झालाय.

तुळशीचं लग्न लागलं की कर्जतच्या भातगिरणीचं काम सुरू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी दारात नसेल तर काम दुसऱ्याला देऊ, असं गिरणीवाल्यांनी बजावलंय. बैलही गेले आणि गाडीही गेली, अशी आमची गत व्हायची. कोंडाजी लोहार तड्यावर तांब्याची पट्टी मारून देतो म्हणतो. तू मोटारींच्या कारखान्यातला माणूस. पट्टी मारायची, जुनं हेड घ्यायचं की नवं, ते सांग. नव्याची आमची ऐपत नाही, हे वेगळं लिहायला नको.

उत्तर उलट टपाली धाड, एवढी तरी माया ताईवर ठेव.
तुझी इंदूताई

*

मुंबई, ता. १४ ऑक्टोबर १९३४

ती. सौ. ताईस पोपटचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. आईला लिहिलं. कोंबड्यांना माझा नमस्कार सांग.

कोंडाजीला गोड बोलून नाही म्हण. तांब्याची पट्टी घाटाच्या पहिल्याच वळणावर निघून हातात येईल. नवं हेड विलायतेहून बोटीने यायला दीड महिना. राहिलं जुनं. मोडीत काढलेल्या गाड्यांची हेडं इथल्या जुन्या बाजारात मिळतात. दोन रविवार पायपीट करीन, पण तुझ्या गाडीजोगं घेऊनच येईन.

त्याआधी एक खरंखरं कळव. तापलेल्या इंजिनात कुणी थंड पाणी ओतलं होतं का? बीड असं आपलं आपण तडकत नाही. ओतलं असेल तर खालचा ब्लॉकही फुटला नसेलच असं सांगता येत नाही, आणि मग वर सोन्याचं हेड ठेवलं तरी फुकट. दाजींना सांग, हेड उतरवून रेडिएटरकडचं तोंड लाकडाची गुडदी ठोकून बंद करा आणि ब्लॉकच्या भोकांतून काठोकाठ पाणी भरून दिवसभर ठेवा. सिलिंडर कोरडे राहिले तर ब्लॉक शाबूत.

दाजींना नमस्कार. रागावू नका म्हणावं, डॉक्टरलाही विचारावंच लागतं.
तुझा पोपट

*

खालापूर, ता. १९ ऑक्टोबर १९३४

चि. पोपट यास अ. आ. देवाची कृपा, ब्लॉक शाबूत आहे! दिवसभर पाणी भरून ठेवलं, सिलिंडर ठणठणीत कोरडे. मी तिथल्या तिथे हात जोडले.

पण माझ्या हातून एक वेडेपणा झाला. तुझं पत्र नेहमीसारखं अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. पाण्याचा प्रश्न आला तसे हे खाली बघू लागले. तेवढ्यात धाऊ पुढे झाला. वरच्या ठाकरवाडीतला धाऊ, लॉरीवर यांच्याबरोबर भरणी-उतरणी करतो तो. म्हणाला, पानी मीच वतलं, माला काय ठावं, चूक माझी हाय. त्या दिवशी यांचं जेवणात लक्ष नव्हतं, गाडीच्या काळजीने असेल.

धाऊ माणूस गुणाचा आहे, फार बोलू नकोस त्याला. भाऊबीजेला येतोस ना? ताट वाढून ठेवते.
तुझी इंदूताई

*

मुंबई, ता. ३० ऑक्टोबर १९३४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि. हेड मिळालं! बाजारात दोन होती. एक ताज्या काळ्या रंगाने चकचकीत, दुसरं गंजलेलं. बाजारात तू मडकं वाजवून घेतेस तसं दोन्ही हातोडीने वाजवलं. रंगवलेलं बद्द बोललं, गंजकं खणखणीत. तरी त्यात घासलेट भरून बाहेरून खडू फासला आणि तासभर बसून राहिलो. खडू कुठेही ओला झाला नाही. काच ठेवून सपाटीही पाहिली. ते घेऊन भाऊबीजेला येतो, तीन दिवसांची रजा मिळाली आहे.

धाऊबद्दल मात्र माझं स्पष्ट मत ऐक. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतणारा माणूस मी गाडीच्या आसपास ठेवणार नाही. आज हेड गेलं, उद्या ब्लॉक जाईल, आणि मग मी काही करू शकणार नाही. दाजींनी दुसरा माणूस बघावा.

दिवाळीचे चार अनरसे माझ्या नावाने बाजूला काढ. बाकी भेटीअंती.
तुझा पोपट

*

खालापूर, ता. २५ नोव्हेंबर १९३४

रा. रा. पोपटराव यांस तुमच्या दाजींचा, धाकलूचा, सप्रेम नमस्कार. वि. वि. हे पत्र माझ्या हातचं आहे, अक्षराला हसू नका. लॉरी झकास धावते. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात पहिली गाडी आपली होती. तुम्ही सणाच्या दिवसांत तीन दिवस इंजिनाखाली लोळलात. मधल्या बोल्टापासून बाहेर आवळत गेलात, गाडी तापवून पुन्हा आवळलेत, भाऊबीज काळ्या हातांनी जेवलात. माझा सख्खा भाऊ असता तरी याहून जास्त करता ना. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

पण ते मला पचत नाहीत. पाणी मी ओतलं. वीस वर्षं त्या घाटात मी बैलगाडी हाकली. झरा आला की आधी जनावराला पाणी पाजायचं, मग आपण प्यायचं, हे हातात बसलेलं. लॉरीला धाप लागलेली पाहिली आणि डबा भरून ओतून मोकळा झालो. धाऊ मागून ओरडत होता, थांबा म्हणून. बीड तडकल्याचा आवाज दोघांनी ऐकला. त्याने आळ अंगावर घेतला तेव्हा मी गप्प बसलो. तुमच्या पत्रावरून त्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला, त्याच्या जागी गावातल्या पदूला घेतलं, तेव्हाही गप्प बसलो.

परवा वाडीवर गेलो. त्याची बायको भागी हिने बसायला घोंगडी टाकली, तिच्यावर मला बसवेना. असं का केलंस, म्हणून विचारलं. तर म्हणतो कसा, तुमी तिकडचं जावई, सासरी तुमची मान खाली जायला नको. माझं नाव भिसेगावात कोनाला ठावं हाय? मला तिथे रडू आलं, लपवत नाही.

कालपासून धाऊ परत गाडीवर आहे. पदूला गिरणीत काम मिळालं. पाण्याचा डबा धाऊच्या ताब्यात, मी हात लावत नाही. तुमच्या ताईला सांगितलं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुम्ही मात्र अबोला धरू नका.
आपला धाकलू

*

मुंबई, ता. १ डिसेंबर १९३४

रा. रा. धाऊ यांस, मुक्काम ठाकरवाडी, पोपटचा सा. न. वि. वि. हे पत्र ताई तुम्हाला अंगणात, सगळ्यांसमोर वाचून दाखवील, तशी मी तिला विनंती केली आहे.

मी तुम्हाला न बघता, न विचारता कामावरून काढायला लावलं. एक गंजकं हेड घ्यायला मी दोन रविवार घालवले आणि तुमच्यासाठी एक ओळ पुरली. चूक माझी आहे, मला माफ करा. दाजींची गाडी मी चालू केली असेल, पण त्यांची लाज तुम्ही राखलीत, ते काम माझ्याच्याने झालं नसतं. आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत.

आईला मी सगळं कळवलं. ती लिहिते, लॉरी कर्जतला येईल तेव्हा जावई घरी नाही आले तरी चालतील, पण धाऊला आणि भागीला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही. घर सापडलं नाही तर भिसेगावात कुणालाही तुमचं नाव सांगा. तिने ते साऱ्या आळीला सांगून ठेवलं आहे.

लोभ मागायचा मला हक्क नाही, तरी तो असू द्यावा.
आपला
पोपट