भुरका

बाबा, काल दुपारी मी बुलढाण्यात रामेन खाल्लं. तुम्हाला हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही. जपानी लोकांचं जेवण आहे ते. मोठ्या वाडग्यात गरम रस्सा, त्यात लांबच लांब शेवया, वर अर्धं उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात. आईला भेटायला आले होते, सोबत माझी लेक होती. चिखली रस्त्यावर नवीन हॉटेल निघालंय म्हणून तीच मला घेऊन गेली. चालवणारी बाई आपल्याच भागातली. मी काट्याला शेवया गुंडाळून हळूहळू खात होते, तर ती जवळ येऊन म्हणाली, "ताई, असं काऊन खाता? याले भुरके मारूनच खा लागते. तिकडं आवाज केला का रांधणाऱ्याले बरं वाटते म्हणतेत."

माझा हात तिथेच थांबला.

मी सात-आठ वर्षांची असेन. एसटी डेपोत तुमचा डबा घेऊन आले आहे. तुम्ही रॉकेलने हातांचं ग्रीस काढता, मग साबणाने धुता, तरी नखं काळीच राहतात. डब्याच्या झाकणात कढी ओतून तुम्ही असा भुरका मारता की शेजारचे मेकॅनिक हसतात. मीही तुमच्यासारखाच मारते. "माही लेक हाय ना!" तुम्ही सगळ्यांना सांगता.

आणि मग तो दिवस, मला पाहायला पुण्याहून मंडळी आली होती तेव्हाचा. पंगत बसली होती. तुम्ही वाटी तोंडाला लावून कढीचा भुरका मारला. मी वाढता वाढता तुमच्या कानाशी वाकले. "बाबा, आवाज नका करू. लोकं पाहून राह्यले."

"हाव, बाई," एवढंच म्हणालात. वाटी खाली ठेवली. ती कढी तशीच राहिली.

लग्नानंतर जावई आले की तुम्ही आत, स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या मागून जेवायला लागलात. पुढे मी एकटी आले तरी तसंच. मी आईला विचारलं तर ती भाकर थापता थापता, वर न बघता म्हणाली, "तुह्यासमोर जेवाले भेतेत ते." तेव्हाच उठून तुमचं ताट बाहेर आणायला हवं होतं. मी नाही उठले. पुढच्या वेळी बोलू म्हटलं, आणि अशा कितीतरी पुढच्या वेळा गेल्या. मग तुम्हीच गेलात.

काल मी वाडगा उचलून भुरका मारला. आधी जमला नाही, ठसका लागला. दुसरा मात्र अगदी तुमच्यासारखा निघाला. रस्सा फार चांगला होता, बाबा. मी सगळा प्यायले. लेकीने माझ्या डोळ्यांकडे पाहून विचारलं, "आई, तिखट लागलं का?" मी हो म्हटलं.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. लग्नाला वर्ष झालं असेल तेव्हा तुमच्या जावयांनी विचारलं होतं, "तुझे बाबा आमच्यासोबत का जेवत नाहीत?" मी म्हणाले, आमच्याकडे तशीच रीत आहे. त्यांना अजून तेच खरं वाटतं. आज सकाळी मी त्यांना फोनवर खरं सांगणार होते. बस किती वाजता पोचेल, तेवढंच सांगितलं.