पाळण्यावरची धूळ

नांदेड

प्रिय राजकन्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. हात कसा आहे विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत रडायला लागतेस. म्हणून हे पत्र, तेही डाव्या हातानं, दोन दिवस लावून. अक्षराला हसू नकोस.

मनगट मोडलं ते पडून नाही. पाण्याची घागर उचलली, तीही अर्धीच, आणि कटकन आवाज आला. मला वाटलं घागरच कुठं वाजली. डॉक्टरांनी वय विचारलं. बावन्न म्हटलं, तर हाडं सत्तरीची दिसतात म्हणाले. मग घर कुठं ते विचारलं. दगड फोडायच्या खडी केंद्राच्या मागं, म्हटलं. वय आणि खाणं आहेच, पण अशी बारीक धूळ आणि टिप्परचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला की हाडंही विरळ होतात म्हणे. मी आजवर समजायची, धुळीनं फार तर खोकला होतो. वर मी ऊन घेत नाही म्हणून डॉक्टर रागावले. दारं उघडली तर फुफाटा, लावली तर ऊन नाही. माणसानं करावं तरी काय? थकले गं मी.

बाबांनी तुझ्यासाठी मागची खोली रंगवली. माळ्यावरून तुझाच पाळणा काढला. सकाळी पुसला की दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. काल तुझं लिहिलं आणि बघत बसले. वीस वर्षं तू याच घरात वाढलीस. ही धूळ तुझ्याही छातीत जातेय, हे मला कधी सुचलंच नाही.

रविवारी बाबा तुला न्यायला लातूरला निघाले होते. मी थांबवलं. तू येऊ नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही ठाऊक आहे. बाबा म्हणाले, “लोक काय म्हणतेत? पोरीला माहेर न्हाई का?” मी म्हटलं, “माहेर म्हंजी मीच की. मी जाते.”

जावयाच्या घरी राहायचा मला संकोच आहे, तरी येईन. तुझ्या सासूबाईंना विचारून ठेव. तुझ्या डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांग, तुझीही हाडं तपासू देत. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं लई मनात होतं. पण प्लास्टर निघालं तरी या हातांचा मला भरवसा नाही. न्हाऊ सासूबाईंनी घालावं. मी शेजारी बसून पाणी ओतीन. त्याला एक हात पुरतो.

तुझीच,
आई